शवासनाची दहा मिनिटे कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन आणि २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन. मध्ये पाच आठवडे असतात. या काळात गावोगावच्या बागांत, शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर योगवर्ग भरू लागतात आणि पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढचे पुरुष मोठ्या संख्येने येतात. त्यातल्या अनेकांना डॉक्टरांनी सांगितलेले असते, "बीपी वाढलंय, काहीतरी व्यायाम सुरू करा." वर्गात मात्र त्यांच्या वाट्याला येतात भराभर घातलेले सूर्यनमस्कार, पोट आपटत केलेली कपालभाती आणि शेवटी "वेळ झाली" म्हणून दीड मिनिटात गुंडाळलेले शवासन. बीपीसाठी ज्याचा खरा उपयोग, तेच नेमके कापले जाते. आम्ही योगवर्ग घेणारी मंडळी आहोत. हा क्रम उलटा व्हावा, यासाठी हे पत्र.

शवासनाची ही बाजू पहिल्यांदा नीट तपासली गेली ती मुंबईतच. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि १९६९ साली 'अँजिओलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. रुग्णांचे तीन गट होते: गोळ्या न घेणारे, गोळ्यांवर बीपी आटोक्यात असलेले आणि गोळ्या घेऊनही चढेच असलेले. पहिल्या गटात दाब स्पष्ट उतरला, दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांची औषधाची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली, तिसऱ्या गटात मात्र संमिश्र अनुभव आला. त्या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्याची मर्यादा. ती उणीव १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढली. त्यांनी ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. योगातली शिथिलीकरणाची पद्धत, शरीरातले बदल दाखवणाऱ्या यंत्राच्या (बायोफीडबॅक) मदतीने, शिकलेल्यांचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. नुसती विश्रांती घेणाऱ्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६ पर्यंतच उतरला. म्हणजे पडून राहणे वेगळे आणि शवासन करणे वेगळे.

अलीकडचा पुरावाही हेच सांगतो. २०१९ मध्ये योग आणि रक्तदाबावरच्या ४९ चाचण्यांचा, ३,५१७ जणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. बीपी असलेल्या लोकांनी आठवड्यातून तीनदा योग केला आणि त्यात आसनांबरोबर श्वसन आणि मनाचे शिथिलीकरण दोन्ही होते, तिथे वरचा आकडा सुमारे ११ ने आणि खालचा ६ ने उतरला. श्वसन आणि शिथिलीकरण वगळले तिथे उतार जवळपास निम्माच, ६ आणि ३. वर्ग पाऊण तासाचा असेल आणि काही कापायचेच असेल तर कशाला कात्री लावायची, हे या आकड्यांवरून ठरवावे.

आता यातून मिळते किती, तेही स्पष्ट सांगायला हवे. सगळ्या प्रकारचा योग आणि सगळ्या प्रकारची माणसे धरली तर वरचा आकडा साधारण ४-५ अंकांनी उतरतो. हे थोडके वाटेल, पण २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, ४८ औषधचाचण्यांच्या मोठ्या विश्लेषणात वरचा दाब ५ ने उतरला की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना सुमारे १० टक्क्यांनी घटतात, असे दिसले आहे. ज्याचा बीपी १३६ आहे त्याला हे ५ अंक गोळीपासून लांब ठेवू शकतात. ज्याचा १७० आहे त्याला गोळी घ्यावीच लागेल आणि योग हा त्या गोळीचा जोडीदार असेल. महिनाभर बागेत जाऊन गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे पुरुष दर वर्षी दिसतात. काही औषधे, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातली आणि क्लोनिडिन, एकदम तोडली तर दाब आधीपेक्षाही वर उसळतो. गोळी कमी करायची तर डॉक्टरांनी, हातात नोंदी घेऊन.

श्वासाचा आणि दाबाचा संबंध कसा, हे कळले की माणूस मनापासून करतो. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या देठाला कळवतात. तिथून व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाला मंदावण्याचा आदेश जातो आणि रक्तवाहिन्या आवळणारी यंत्रणा सैल पडते. वर्षानुवर्षे बीपी चढा राहिला की ही व्यवस्था बिघडते. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा वरच्या पातळीला अडकून बसावा, तसे तिला चढे बीपीच बरोबर वाटू लागते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला की ही यंत्रणा पुन्हा संवेदनशील होते, असे इटलीतल्या संशोधकांनी मोजून दाखवले. २००५ च्या त्यांच्या प्रयोगात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा बसल्या जागी, काही मिनिटांत, सरासरी १५० वरून १४१ वर आला. हा उतार तात्पुरता असतो. तो टिकायला महिने लागतात, आणि तोही अभ्यास चालू ठेवला तरच. त्याच गटाने २००१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती: माळेचा जप आणि मंत्रोच्चार यांची लय आपसूकच मिनिटाला सहा श्वासांजवळ येते. रोज जप करणाऱ्यांनी तो घाईने न उरकता शांतपणे केला तर त्यांची अर्धी तयारी झालेलीच आहे.

मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद: चार आत, सहा बाहेर. पण पहिल्याच दिवशी चार-सहा धरायला सांगणे हीच सर्वांत मोठी चूक. साधारण माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. त्याला एकदम सहावर आणले की त्याला गुदमरते, तो मधूनच मोठा श्वास ओढतो, खांदे वर जातात आणि बीपी उतरायच्या ऐवजी चढते. पहिला आठवडा दोन आत, तीन बाहेर. दुसरा-तिसरा आठवडा तीन आत, चार बाहेर. मग तीन आत, पाच बाहेर. चौथ्या-पाचव्या आठवड्यात चार-सहा. एखाद्याला तीन-पाचच सुखाचे वाटत असेल तर त्याने तिथेच राहावे. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब असणे महत्त्वाचे, कारण हृदय मंदावते ते श्वास सोडताना.

दुसरी चूक 'दीर्घ श्वास' या सूचनेतून होते. शिक्षक "दीर्घ घ्या" म्हणतात आणि पुरुष छाती फुगवून भात्यासारखी हवा ओढतात. पाच मिनिटांत डोके हलके होते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. कोणी त्याला 'ऊर्जा जाणवली' म्हणतात. तसे काही नसते. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. श्वास संथ हवा, मोठा नको. नाकाशी धरलेल्या बोटाला हवेचा झोत जाणवला नाही तर बरोबर चालले आहे.

तिसरी गोष्ट पोटाची. बऱ्याच पुरुषांना पोट आत ओढून वावरायची सवय असते, त्यात कमरेला आवळलेला पट्टा. पट्टा आणि पँटचे बटण सैल करा, पायजम्याची नाडी ढिली करा. उताणे झोपून बेंबीवर अर्धा किलो मुगाची पिशवी ठेवा. श्वास घेताना ती वर यावी, सोडताना खाली जावी आणि छातीवर ठेवलेला दुसरा हात जवळपास हलू नये. आठवडाभरात पिशवीची गरज उरत नाही. पोट भरलेले असताना हे साधत नाही, म्हणून जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत.

आता शवासन. दाते यांच्या पद्धतीत पाय साधारण ३० अंशांत फाकलेले, हात धडापासून १५ अंशांवर, तळवे ना पूर्ण वर ना पूर्ण खाली आणि बोटे आपसूक अर्धवट मिटलेली असतात. डोळे मिटलेले. श्वास पोटाने, संथ. श्वास घेतल्यावर अगदी छोटा विराम, सोडल्यावर जरा मोठा. हा विराम म्हणजे कुंभक (श्वास रोखून धरणे) नव्हे. घसा बंद करायचा नाही, ताणून धरायचे नाही, आपणहून येतो तेवढाच. लक्ष नाकपुड्यांवर: आत जाणारी हवा गार, बाहेर येणारी कोमट. मन भटकले की ओढाताण न करता पुन्हा नाकपुडीवर. रोज अर्धा तास असा त्यांचा क्रम होता आणि पद्धत अंगवळणी पडायला सुमारे तीन आठवडे लागत. आपल्या वर्गात अर्धा तास शक्य नसेल तर दहा ते पंधरा मिनिटे तरी द्यावीत. दीड मिनिटात स्नायूही सैल होत नाहीत.

बारकावे असे. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली सतरंजी घ्यावी. हनुवटी आकाशाकडे उचलली जात असेल तर डोक्याखाली दोन-तीन बोटे जाडीची घडी हवी, नाहीतर मानेचे स्नायू ताणलेलेच राहतात. शरीर थंड पडते, म्हणून अंगावर चादर घ्यावी, विशेषतः पहाटे आणि हिवाळ्यात, कारण थंडीने रक्तवाहिन्या आवळतात. घोरणे सुरू झाले की शवासन संपले असे समजावे. त्या माणसाला हलकेच जागे करून डोळे किलकिले ठेवायला सांगावे किंवा खुर्चीत बसून हाच अभ्यास करायला द्यावा. जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर पूर्ण अभ्यास खुर्चीवर होतो: पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, हात मांड्यांवर. त्यात कमीपणा मानू नये.

शवासनातून उठणे हा धोक्याचा क्षण आहे आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. साठीनंतर अनेक पुरुष प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा तत्सम गोळी घेतात. ती रक्तवाहिन्याही सैल करते. बीपीच्या गोळीबरोबर ती पोटात असताना पंधरा मिनिटे पडून राहून एकदम उभे राहिले की दाब धाडकन उतरतो आणि माणूस कोसळतो. म्हणून आधी बोटे हलवा, गुडघे वाकवा, कुशीवर वळा, तिथे मिनिटभर थांबा. हाताचा आधार घेऊन बसा, आणखी एक मिनिट. मग भिंत किंवा खुर्ची धरून उभे राहा. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेणाऱ्यांनी हे मुद्दाम पाळावे. शिक्षकाने प्रत्येक पुरुषाला "प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?" हे बाजूला घेऊन विचारावे, चारचौघांत कोणी सांगत नाही.

शवासनाआधीची हालचाल हलकी आणि श्वासाला बांधलेली हवी. पाच मिनिटे खुर्चीवर घोटे, मनगटे, खांदे फिरवणे. मग पाय कमरेइतके फाकवून उभे राहून श्वास घेत हात समोरून वर नेणे, सोडत खाली आणणे, सहा वेळा, टाचा न उचलता. मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करणे) सात-आठ वेळा; गुडघे दुखत असतील तर उभे राहून टेबलावर हात टेकून पाठीची तीच हालचाल. खुर्चीवर बसून कमरेतून दोन्ही बाजूंना हलका पीळ. उताणे झोपून एका वेळी एकच गुडघा पोटाशी. शेवटी पोटऱ्या खुर्चीवर टेकवून, कंबर जमिनीवरच ठेवून तीन-चार मिनिटे पडणे. एवढे पंधरा-वीस मिनिटांत होते. सगळ्यात नियम एकच: श्वास कुठेही अडकता कामा नये. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्या क्षणी बीपी झपाट्याने वर जाते. शौचाला कुंथताना किंवा सिलिंडर उचलताना होते तेच. श्वास रोखला जातोय का, हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे आसनात असताना मोठ्याने आकडे मोजायला लावणे. आवाज चिरकला की आसन सोडवावे.

भ्रामरी जरूर घ्यावी. गुंजन करताना श्वास सोडण्याचा काळ आपोआप लांबतो, मोजायची गरज राहत नाही. पाच ते सात आवर्तने पुरतात. कानाच्या तोंडाशी असलेली पाळी अंगठ्याने हलके दाबायची. डोळ्यांवर बोटे ठेवायची झाली तर फक्त टेकवायची. बुबुळांवर दाब दिला तर हृदयाची गती अचानक मंदावू शकते आणि काचबिंदू असलेल्यांना तो दाब घातकच. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, पाच मिनिटे. सर्दीने एक नाकपुडी बंद असेल त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी साधा संथ श्वास घ्यावा.

काय टाळायचे, यावर आमचे मत ठाम आहे. बीपी काबूत नसताना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, चक्रासन, भस्त्रिका, वेगाची कपालभाती, कुंभक आणि बंध यांतले काहीही करू नये. गोळ्यांवर बीपी स्थिर असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून सौम्य कपालभाती केली तर आभाळ कोसळत नाही, पण तो बीपीवरचा उपाय नव्हे. आयुष मंत्रालयाच्या योग दिनाच्या सामायिक अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतही उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी कपालभाती टाळावी, अशी सूचना आहे. मंचावरून ती वाचून दाखवली जात नाही आणि समोर बसलेला पुरुष शेजाऱ्यापेक्षा जास्त झटके मारायच्या ईर्ष्येने करत राहतो. ही ईर्ष्या पुरुषांच्या वर्गातला खरा अडथळा आहे. किती सूर्यनमस्कार घातले, याचा हिशेब ज्या वर्गात मोठ्याने होतो, तिथे श्वास संथ होणे कठीण.

"यात घाम कुठे आला? हा कसला व्यायाम?" हा पुरुषांचा नेहमीचा प्रश्न. त्याला चीनमधून आलेले एक उत्तर देता येते. बीजिंगमध्ये सीमारेषेवरचा बीपी असलेल्या ३४२ जणांवर वर्षभराची चाचणी झाली, २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाने ताई ची हा संथ चिनी व्यायाम केला, दुसऱ्याने घाम काढणारा एरोबिक व्यायाम, दोघांनीही आठवड्यातून चारदा एकेक तास. वर्षाअखेर ताई चीवाल्यांचा वरचा दाब सरासरी ७ ने उतरला, एरोबिकवाल्यांचा ४.६ ने. संथ, न थांबणारी हालचाल, गुडघे किंचित वाकलेले आणि लक्ष शरीरात: तत्त्व आपल्या अभ्यासाच्या जवळचेच आहे. याचा अर्थ भरभर चालणे सोडावे असा नाही. चालणे चालूच ठेवावे, हे त्याच्या जोडीला.

ज्यांना जोर लावल्याशिवाय समाधान नाही आणि ज्यांचे बीपी आटोक्यात आहे, त्यांच्यासाठी भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसण्याचा व्यायाम आहे. २०२३ मध्ये २७० चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात स्थिर ताणाच्या अशा व्यायामांनी वरचा दाब सरासरी ८ ने, खालचा ४ ने उतरला, एरोबिकपेक्षाही जास्त. चाचण्यांतला नेहमीचा क्रम दोन मिनिटे धरणे, मध्ये एक ते चार मिनिटे विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवात मात्र वीस सेकंदांनी आणि मांड्या फार खाली न नेता करावी. धरून ठेवताना बीपी वर जातेच, उतार नंतर येतो. म्हणून १६० च्या वर असणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. वीरभद्रासन किंवा उत्कटासन बराच वेळ धरून ठेवणे हाही याच जातीचा ताण आहे, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

अभ्यासाचा उपयोग होतोय का, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजण्यातच सर्वांत जास्त घोळ होतो. वर्ग संपल्याबरोबर बीपी बघतात, ते कमी येते, आणि "योगाने बीपी गेले" असे जाहीर होते. कुठल्याही व्यायामानंतर दाब काही तास उतरलेला असतो. खरा आकडा सकाळचा, लघवी करून आल्यावर, व्यायामाआधी, चहाआधी, गोळीआधी. मिशरी, तंबाखू, सिगारेट झालेली असेल तर अर्धा तास थांबावे. पाठ टेकून, पाय न दुमडता पाच मिनिटे शांत बसावे, बोलू नये. नुसत्या गप्पांनीही आकडा वाढतो. दंड उघडा हवा. घट्ट बाही वर सरकवून आवळली तर आकडा चुकतो. दंडाचा मध्य हृदयाच्या पातळीला यावा म्हणून हात टेबलावर ठेवावा, लोंबकळता हात जास्त दाखवतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा. नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटीमीटर घेरापर्यंतच चालतो आणि आखूड पट्टा खोटा चढा आकडा देतो. मनगटाच्या यंत्रांवर विसंबू नये. मिनिटभराच्या अंतराने दोन वाचने, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे, दवाखान्यात ही रेषा १४०/९० धरतात.

ज्या दिवशी आकडा १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी वर्ग नाही. पाच मिनिटांनी पुन्हा बघावे, तसाच असेल तर डॉक्टर गाठावा. सोबत छातीत दुखत असेल, बोलणे जड झाले असेल, एका बाजूची ताकद गेली असेल किंवा धाप लागत असेल, तर श्वसनाचे प्रयोग न करता १०८ ला फोन करावा.

आणखी दोन गोष्टी पुरुषांच्या बाबतीत विशेष. रात्री मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास थांबणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस कितीही शवासन करो, त्याचे बीपी सहज उतरणार नाही. झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी आधी हवी. आणि रोज संध्याकाळी दारू होत असेल तर सकाळचा अभ्यास तिच्याशी झुंजण्यातच खर्ची पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के जणांचे बीपी वाढलेले होते किंवा त्यावर औषध चालू होते. स्त्रियांत हे प्रमाण २१ टक्के. तरी सकाळचा वर्ग ज्यांना कधीच मिळत नाही, असे पुरुष यात फार: रिक्षावाले, ट्रक आणि एसटीचे चालक, रात्रपाळीचे वॉचमन. त्यांना पथारी, बाग, शिक्षक काही लागत नाही. गाडी थांब्यावर उभी असताना, इंजिन बंद करून, सीट थोडी मागे रेलून, तीन आत-पाच बाहेर असा श्वास दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. चालत्या गाडीत मात्र कधीही नाही. चालकांच्या संघटनांनी थांब्यावर एवढे शिकवायला आम्हा शिक्षकांपैकी कोणालाही बोलवावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत योगवर्गांच्या आयोजकांना, ज्येष्ठ नागरिक संघांना आणि नगरपालिकांच्या उद्यान विभागांना विनंती आहे. १७ मे ते २१ जून या पाच आठवड्यांत प्रत्येक वर्गाने दंडाचे एक स्वयंचलित यंत्र, मोठ्या पट्ट्यासह, आणि एक वही ठेवावी. नाव नोंदवताना चार प्रश्न विचारावेत: बीपीचे औषध कोणते, हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आहे का, काचबिंदू आहे का, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का. पहिल्या आणि पाचव्या आठवड्यातली सात दिवसांची घरची सरासरी वहीत लिहावी आणि ते पान घेऊन त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्याच्या डॉक्टरांकडे पाठवावे. वेळापत्रक छापताना शवासनासमोर 'शेवटी' असे न लिहिता 'किमान दहा मिनिटे' असे लिहावे, आणि वर्ग उशिरा सुरू झाला तर सूर्यनमस्कार कमी करावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक योगशिक्षक, पुणे
(सहकारी शिक्षकांच्या वतीने)